अहोसाहेब

आमच्या शाखेत साहेब तीन-तीन वर्षांच्या मुदतीवर येतात. मी इथलाच, पांढुर्ण्याचा. कॅशच्या काचेमागे बसतो आणि बदलीच्या भीतीने दोनदा बढती नाकारून बसलो आहे. त्यामुळे साहेब जातात, मी राहतो. बिहारचे पाहिले, आंध्राचे पाहिले. एक ओडिशाचे होते, ते दुसऱ्या महिन्यात हक्काने झुणका-भाकर मागायला लागले. या लांबच्या लोकांचं इथे बरं निभतं. तऱ्हा होते ती महाराष्ट्रातून येणाऱ्या साहेबाची.

बिहारचा माणूस स्टेशनवर उतरतो, आपण परक्या मुलखात आलो हे त्याला कळतं आणि तो निमूट कामाला लागतो. महाराष्ट्राच्या साहेबाला हे बदलीच्या पत्रात वाचून कळलेलं असतं. इथे उतरल्यावर मात्र कळेनासं होतं. बाहेर ऑटोवाला त्याला विचारतो, "कुठी जाचं हाये भाऊ?" आणि साहेबाची बॅग हातातल्या हातात राहते.

असे चौघे येऊन गेले. चौघांची कुंडली एकच, म्हणून त्यातल्या एकाचीच मांडतो. हे सांगलीचे. बढती मिळाली, त्याबरोबर महाराष्ट्र सुटला, भोपाळ झोन पदरात पडला. ऐन जूनच्या उकाड्यात नागपूरहून गाडीने आले. त्यांचं आडनाव केबिनच्या पाटीवर होतं. पण गल्लीतल्या पोट्ट्यांनी आठ दिवसांत त्यांचं बारसं केलं – अहोसाहेब. कारण ते सगळ्यांना 'अहो' म्हणत. अहो चहावाले, अहो ताई, अहो रोखपाल. आमच्याकडे 'भाऊ' आहे, 'जी' आहे, 'गा' आहे, दोस्तीत 'बे' आहे. पण 'अहो' हा टीव्हीवरच्या मालिकेत बायकोने नवऱ्याला म्हणायचा शब्द. आमच्या चोवीस वर्षांच्या शिपायाला त्यांनी पहिल्यांदा "अहो, ऐकता का?" असं म्हटलं, तेव्हा तो लाजला.

साहेब पूर्ण तयारीने आले होते. तयारी अर्थातच हिंदीची. सरकारच्या 1976 च्या राजभाषा नियमांत देशाचे तीन भाग पाडलेले आहेत – क, ख आणि ग. मध्य प्रदेश 'क' मध्ये, महाराष्ट्र 'ख' मध्ये. 'ख' मधून 'क' मध्ये जायचं म्हणजे शुद्ध हिंदी पाहिजे, असं मनाशी धरून त्यांनी सांगलीत दोन महिने हिंदी बातम्या ऐकल्या, पत्रांचे मसुदे घोटले आणि 'तत्पश्चात', 'अविलंब', 'संवितरण' असे शब्द वळणदार अक्षरात लिहून पाठ केले. इंदुरी पोहे, वर शेव आणि शेजारी जिलबी, हेही त्यांनी ऐकून ठेवलेलं होतं. महाराष्ट्राच्या माणसाच्या डोक्यात मध्य प्रदेश म्हणजे इंदूर, आणि उरलेली जागा उज्जैनची.

पहिल्या सोमवारी तिगावकडचा एक म्हातारा शेतकरी त्यांच्यासमोर जाऊन बसला. डोक्याला शेला, हातात पिशवी. साहेबांनी घसा साफ केला.

"नमस्कार। कहिए, हम आपकी क्या सहायता कर सकते हैं?"

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग तो म्हणाला, "साहेब, बंडीले कर्ज भेटते काय?"

साहेबांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "अहो, तुम्ही मराठी?"

"मंग कोन?"

"वा! वा! बोला, बोला. बंडीला म्हणालात ना? किती बंड्या घ्यायच्यात?"

"एकच."

साहेब जरा थबकले. "आजोबा, एका बंडीला कर्ज कशाला? बाजारात दीडशे रुपयांत चांगली मिळते."

आता म्हातारा थबकला. "दीडशे? कुठी?"

"कुठेही. कापडाच्या दुकानात."

"लाकडाची का लोखंडाची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोन महिन्यांची हिंदी बुडत होती. मी काचेतूनच ओरडलो, "साहेब, बंडी म्हणजे बैलगाडी!" सांगलीत बंडी शर्टाच्या आत घालतात, आमच्याकडे बैल जुंपतात. म्हाताऱ्याला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की साहेबाला एक स्वस्तातलं दुकान ठाऊक आहे आणि तो सांगत नाही.

त्या संध्याकाळी साहेबांनी बँकेचं एक कोरं रजिस्टर घरी नेलं, लाल शाईने उभी रेघ ओढली, डावीकडे 'अशुद्ध' आणि उजवीकडे 'शुद्ध' असं लिहिलं. वर मथळा – शुद्धिपत्र. हे मला कसं कळलं? तर त्यांना वरचा मजला भाड्याने मीच दिला होता, आणि रजिस्टर उसनं नेल्याची नोंदही त्यांनी मलाच करायला लावली.

खरं तर पहिल्याच आठवड्यात चहावर मी त्यांना सगळी भानगड समजावून सांगितली होती. म्हटलं, साहेब, आम्ही कुठून आलो नाही. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची वाटणी झाली. नागपूर आणि वऱ्हाडकडचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेच्या टोकाला चिकटलेलं आमचं पांढुर्णा-सौंसरही त्याच्याबरोबर राहिलं. नागपूर इथून शंभरेक किलोमीटर, भोपाळ जवळजवळ तिप्पट. तेव्हापासून दवाखाना नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला, पोरी दिल्या नरखेड-काटोल-वरुडला, आणि अर्ज भोपाळला. हिशेब मराठीत, अर्ज हिंदीत, शिव्या दोन्हीत.

साहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमची मराठी हिंदीमुळे बिघडली."

बोला आता.

हा माणूस मराठीबाबत हळवा असणारच होता. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली तिथे 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे त्यांनी आम्हाला पहिल्या महिन्यात इतक्यांदा सांगितलं की आमच्या शिपायाला साल पाठ झालं. मीही गप्प बसलो नाही. म्हटलं, साहेब, नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह आमच्या देवगडचा गोंड राजा. तुमच्या नाटकाची घंटा वाजली तेव्हा त्या गोष्टीला शंभर वर्षं उलटून गेली होती. यावर ते म्हणाले, "पण तो मराठी नव्हता." मी म्हणालो, "सीताही नव्हती." दोन दिवस अबोला होता.

पोह्यांचं असंच. स्टेशनजवळच्या गाडीवर ते मोठ्या आशेने गेले. शेव-जिलबीच्या ऐवजी गाडीवाल्याने पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली. साहेब म्हणाले, "अहो, हे इंदुरी नाहीत." गाडीवाला म्हणाला, "इंदोर बारा घंट्यावर हाये साहेब, तवरक थंडे होतीन." सांबाराचा किस्साही झाला – कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात आणि नवा माणूस भाजीवालीला 'आज इडली नाही' असं सांगतो – पण तो आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, म्हणून सोडतो.

गंजाचा मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात माझं घर गुंतलं आहे. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तुम्ही त्यांना गौरी म्हणता. सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील. शंभर पान उठतं आणि घरातली भांडी पुरत नाहीत. माझी बायको वर गेली आणि साहेबीणबाईंना म्हणाली, "ताई, तुमच्याकडे मोठा गंज असन ना?"

साहेबीणबाईंचा चेहरा उतरला. "नाही हो, आमच्या भांड्यांना गंज नाही. सगळी स्टीलची आहेत."

"हाव, स्टीलचाच पाह्यजे. दोन असतीन तं दोन द्या."

माउलीने दार लावून घेतलं. आत जाऊन सगळी पातेली उजेडात धरून तपासली, एका कढईच्या कडेला तांबूस डाग सापडला, तो घासला आणि संध्याकाळी कढई आमच्या बायकोपुढे धरून म्हणाली, "एवढाच होता." गंज म्हणजे पातेलं, हे दोघींना एकमेकींकडून कळायला नैवेद्याची वेळ आली. नंतर दोघी आंबील ढवळत इतक्या हसल्या की महालक्ष्मीच्या मुखवट्यावरचं कुंकू हललं, असं माझी बायको सांगते. मुखवटा मी पाहिला नाही. आंबील तळाला लागली होती, हे खरं.

बँकेत त्यांना सर्वांत जड गेला तो सातबारा. कर्जाचा अर्ज आला की ते विचारत, "सातबारा आणलाय?" समोरचा म्हणे, "खसरा आनला साहेब. खसरा, बी-वन, ऋण पुस्तिका." तलाठी नाही, पटवारी. पंचायत समिती नाही, जनपद. नगरसेवक नाही, पार्षद. फेरफार नाही, नामांतरण. साहेब म्हणत, की जमीन तीच, संत्रा तोच, बोलणारा मराठी, आणि कागद तेवढा परका! ज्या हिंदीची तयारी करून ते आले होते ती बिचारी कागदावर त्यांची वाट पाहत बसली होती. माणसांच्या तोंडी त्यांना सापडत नव्हती एवढंच. एकदा मात्र एका शेतकऱ्याने त्यांना चांगलंच गार केलं. साहेबांनी सवयीने सातबारा मागितला. शेतकरी म्हणाला, "कोन्या वावराचा? तिकडल्या वावराचा सातबारा हाये, इकडल्याचा खसरा. कोनता देऊ?" त्याची अर्धी संत्र्याची झाडं वरुडकडे होती, अर्धी आमच्याकडे. आंबिया बहाराची फळं तोडताना झाडाला राज्य विचारावं लागत नाही. ते बँकेत विचारतात.

आता गोटमारीकडे येतो. तिथे साहेबांना लागलेला धक्का त्यांच्या पोरानेही अनुभवला, म्हणून जरा सविस्तर.

श्रावण संपत आला. गावात बैलांच्या झुली, घुंगरं, बेगड दिसू लागलं. साहेब म्हणाले, "बेंदूर आत्ता?" त्यांचा बेंदूर आषाढातच उरकला होता. मी सांगितलं, आमचा पोळा अमावास्येला, आणि दुसऱ्या दिवशी गोटमार.

"गोटमार म्हणजे?"

"जाम नदीत गोटे मारतात साहेब."

"गोट्या? नदीत?"

"हाव. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव."

"म्हणजे दोन संघ. मोठी माणसंही खेळतात?"

"मोठीच खेळतात."

"आणि जिंकायचं कसं?"

"मधात पळसाचं झाड रोवलेलं असते, झेंडा बांधून. ते तोडून आनलं का संपलं. मंग चंडीमातेच्या देवळात."

साहेब गहिवरले. आपल्या देशी खेळांवर त्यांचा फार जीव. मोबाइलच्या काळात दोन गावं नदीकाठी जमून गोट्या खेळतात, आणि तेही मोठी माणसं! त्यांनी संध्याकाळी बाजारातून पावशेर काचेच्या गोट्या आणल्या आणि पाचवीतल्या पोराला नेम धरायला शिकवलं. पोरगा हुशार. तो शाळेतून सगळं ऐकून आला होता. "पप्पा, गोटा म्हणजे दगड," असं त्याने दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, "त्या मुलांचं मराठी कच्चं आहे."

आमच्या गच्चीवरून नदी दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना वर बोलावलं. आधी दोन्ही काठांवर नुसती माणसं, डोकी आणि डोकी. ढोल चालले होते. मग एक दगड आला. तो कुठून आला ते कळलं नाही. नदीकाठच्या एका टिनावर आपटला, तेवढा आवाज आला. मग दुसरा. मग टिनं अशी वाजू लागली की जशी गारपीट. पात्रात एक उघडा पोरगा कुऱ्हाड घेऊन पळसाकडे वाकत निघाला आणि दोन पावलांवर खाली बसला, डोकं दोन्ही हातांत धरून. चौघांनी त्याला ओढत आणलं. काठावर अॅम्ब्युलन्सची रांग होती, पोलीस होते, डॉक्टरांचे तंबू होते. सगळी तयारी चोख.

"पोलीस काय करतायत?" साहेबांनी विचारलं.

"बंदोबस्त."

"कशाचा?"

याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही, आजही येत नाही. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांच्या ऐवजी रबराचे चेंडू वाटून पाहिले. लोकांनी चेंडू घेतले नाहीत असं नाही, पण मारायला दगडच उचलले. सांगतात ती गोष्ट अशी की पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन नदी ओलांडत होता, दोन्हीकडून दगड आले आणि दोघं मधातच गेली. खरंखोटं जाम नदी जाणे. मला या गोटमारीचा अभिमान नाही, माझ्या पोराला मी त्या दिवशी घरात कोंडतो. आणि लाज वाटते म्हणावं तर सावरगावात माझी सासुरवाडी आहे. कपाळावरची ही खूण लग्नाच्या आधीची. साल्याने मारलेला दगड होता की दुसऱ्या कोणाचा, ते लग्नानंतर विचारायचं राहूनच गेलं.

साहेब बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. शेजारी पोरगा. त्याच्या चड्डीच्या खिशात गोट्या होत्या. तो पाय बदलायचा तसतशा त्या खळखळायच्या. खाली जाताना साहेब एवढंच म्हणाले, "अहो, शब्द तरी नीट ठेवायचा." रजिस्टरात त्यांनी त्या दिवशी काय लिहिलं, ते मला पुढे कळलं.

दरम्यान त्यांची हिंदी वाया गेली नाही, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. 14 सप्टेंबरला हिंदी दिवस आला, पंधरवडा झाला, निबंधस्पर्धा झाली. 'ख' क्षेत्रातून आलेल्या सांगलीकराला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरं उत्तर प्रदेशातून आलेल्या आमच्या फील्ड ऑफिसरला. त्याने बक्षीस घेतलं पण तीन दिवस जेवणाचा डबा एकट्याने खाल्ला. आम्ही इथली माणसं उत्तेजनार्थ. आणि दुसऱ्या वर्षी, 5 ऑक्टोबर 2023 ला, छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर काढून आमचा वेगळा जिल्हा झाला. साहेबांनी 'जिला छिंदवाड़ा' असं सुरेख लिहायला नुकतं बसवलं होतं. आता नवा रबरी शिक्का आला. शिक्क्यावर 'पांढुर्ना', मराठी पेपरात 'पांढुर्णा'. साहेबांनी शिक्का हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि ब्लेड मागितलं. न चा ण करता येईल का, ते पाहत होते. शिपायाने ब्लेड नाही म्हणून सांगितलं. होतं.

आठवड्यातून एकदा त्यांना सौंसरला जावं लागे, तिथल्या शाखेचं वाढीव काम म्हणून. सौंसरवाल्यांनी त्यांच्या कानात भरवलं की खरी मराठी सौंसरची. पांढुर्ण्याची जरा तशीच. आता सौंसर चाळीसेक किलोमीटरवर. तिथला माणूसही 'काहून' म्हणतो आणि आम्हीही 'काहून' म्हणतो. त्यांचा 'काहून' अधिक शुद्ध कसा, हे मला कोणी समजावून द्यावं. साहेबांना मात्र ते पटलं होतं. एकदा मीही बरोबर गेलो, येताना जामसावळीला थांबलो. तिथला मारुती झोपलेला आहे. साहेब हात जोडून खूप वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या सांगली जिल्ह्यात बहे-बोरगावला समर्थांनी स्थापलेला मारुती आहे. उभा आहे."

मी म्हटलं, "बोरगाव इथंही हाये साहेब, सौंसरच्या पुढे. कारखाने हायेत तिथं."

"मारुती?"

"तो इथं आराम करून राह्यला."

'करून राह्यला' हे त्यांचं सर्वांत दुखरं ठिकाण. कोणी "काय करून राहिले साहेब?" असं विचारलं की ते म्हणत, "करून राहिलो नाही, करतो आहे." गिऱ्हाईक, मोलकरीण, दूधवाला, कोणालाही सूट नव्हती. दूधवाल्याने तर त्यांच्यासमोर क्रियापदच सोडून दिलं. तो नुसतं "दूध" म्हणायचा.

आणि मग ती रात्र आली. उन्हाळा, वीज गेलेली, मी अंगणात खाट टाकून पडलो होतो. वर खिडकीत साहेब फोनवर होते. आधी मला वाटलं, कोणी पाहुणा आला आहे. आवाज साहेबांचा, पण बोलणारा दुसराच.

"आई, काय करालाईस? … जेवलीस न्हवं? … व्हय व्हय, लई उकडालंय हितं. … आगं न्हाई, वीज गेलीया … आसू दे की, काय हुतंय त्याला …"

मी खाटेवर उठून बसलो. एकवीस वर्षं कॅशवर आहे, खोटी नोट बोटाला कळते. ही नोट खरी होती. 'करालाईस' हा शब्द मी त्याच रात्री बॅटरीच्या उजेडात वीज बिलाच्या पाठीवर लिहून ठेवला.

पुढच्या आठवड्यात काउंटरवर तोच तिगावचा म्हातारा, बंडीवाला. हप्ता भरायला आला होता. साहेब बाहेर उभे. म्हातारा म्हणाला, "साहेब, मी कवाचा उभा राहून राह्यलो."

"उभा आहे म्हणा, आजोबा. राहून राहिलो काय?"

मी काचेच्या भोकातून अगदी गरीब आवाजात विचारलं, "साहेब, काय करालाईस?"

शाखेत पंखा तेवढा ऐकू येत होता. साहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता आपल्या नावाने मेमो निघतो. पण ते म्हणाले, "ते … ते घरचं आहे हो. बाहेर बोलत नाही मी तसं."

म्हाताऱ्याने पावती पिशवीत घातली. "आमी बी बाहीर हिंदीच बोलतो साहेब," तो म्हणाला. "हे घरचंच हाये."

तो गेल्यावर साहेबांनी चहा मागवला. शिपायाला म्हणाले, "दोन सांग रं." 'अहो' नाही. शिपाई दारात थबकला, माझ्याकडे पाहिलं आणि तीन आणले.

त्यानंतर काही ते आमच्यासारखे बोलू लागले नाहीत. तसा गैरसमज नको. सातबारा मागायचे ते मागतच राहिले आणि तर्री चमच्याने बाजूला सारूनच पोहे खाल्ले. पण दूधवाल्याचं क्रियापद परत आलं. तीन वर्षं भरली, महाराष्ट्रातली बदली आली. जाताना साहेबीणबाईंनी माझ्या बायकोला एक गंज दिला आणि तिने त्यांना मुंगवड्यांची बरणी. सामानाचा ट्रक रात्री निघाला.

दुसऱ्या दिवशी खोली झाडताना कपाटाच्या वरच्या फळीवर ते रजिस्टर सापडलं. बँकेची मालमत्ता म्हणून मी उघडलं. नाही तर उघडलं नसतं.

पहिली चाळीस पानं 'अशुद्ध' आणि 'शुद्ध'. बंडी – बैलगाडी. गंज – पातेले. वावर – शेत. पोट्टा – मुलगा. फल्ली – शेंगदाणे. 'गोटमार' समोर आधी लिहिलं होतं 'गोट्यांचा पारंपरिक खेळ', ते इतक्या जोरात खोडलं होतं की मागचं पान फाटलं. मध्ये कुठेतरी शाई बदलली. 'अशुद्ध' वर रेघ मारून 'इकडे', 'शुद्ध' वर रेघ मारून 'पुस्तकात', आणि पुढे पेन्सिलीने तिसरा रकाना आखला होता – 'आमच्या घरी'. तिथे 'करालाईस' होतं. 'न्हवं' होतं. काही ओळींना इकडचा शब्द होता, घरचा होता आणि पुस्तकाचा रकाना रिकामा होता.

रजिस्टर त्यांना कुरिअरने पाठवायचं ठरवलं. पण पाठवण्याआधी एकदा नजर घालावी म्हटलं, आणि बरं झालं घातली. बऱ्याच चुका होत्या. 'चिवळ' समोर 'मेथीचा प्रकार' लिहिलं होतं. 'बुढा' समोर 'अनादराने म्हातारा' – अहो, आमच्याकडे बापालाच म्हणतात, आणि प्रेमाने. सौंसर आणि पांढुर्ण्याचे 'काहून' वेगवेगळ्या ओळींत लिहून सौंसरच्यापुढे बरोबरची खूण केली होती. मी लाल पेन शोधला. शेवटच्या पानावर 'जी – हिंदीतून आलेले आदरार्थी संबोधन' अशी नोंद होती. त्यापुढे मी लिहिलं, 'नेहमीच नाही.'

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "घंटाभरापासून काय करून राहिले जी तिथं?"

म्हटलं, "शुद्धलेखन तपासून राहिलो."